अपडेट मारलं आणि हळदीच्या गाण्यांचे ठोके सरकले, शनिवारी कार्यक्रम आहे

हळदीचा_डेक (बुधवार, रात्री ११:५२)

मंडळी, घाईत लिहितोय, चुकलंमाकलं पोटात घाला.

शनिवारी पेणजवळ हळद आहे. आज दुपारी लॅपटॉप उघडला, मिक्सिंग सॉफ्टवेअरने नवीन व्हर्जनची चौकट दाखवली आणि मी 'हो' दाबलं. (माहितीय. शिव्या नंतर घाला.) सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर दोन पानं 'माझंच कसं भारी' यात जातील.

आता झालंय असं की दादरा तालातली जी गाणी आहेत त्यातल्या बऱ्याच गाण्यांचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके तो आकडा) बदललाय. नवरीचं एक गाणं मी चार वर्षं ९८ ला वाजवतोय, ते आता १४७ दाखवतंय. दुसरं १०४ चं होतं, ते ७८ झालंय. ग्रिडच्या, म्हणजे ठोके दाखवणाऱ्या, रेघा ढोलकीच्या थापेवर बसतच नाहीत. सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवायचं बटण) दाबलं की दोन्ही गाणी एकमेकांच्या अंगावर धावून जातात. केरवा तालातली गाणी मात्र जागच्या जागी.

शिवाय आवाज मधूनच कट-कट करतो. कॅसेटवरून उतरवलेली जुनी गाणी एकदम मोठी झालीत, मागची सुर्र्र ऐकू येते, आणि नवे रिमिक्स बसल्यासारखे वाटतात. आणि मराठीत नाव लिहिलेली काही गाणी सर्चमध्ये येत नाहीत. डोळ्यांसमोर फोल्डरमध्ये फाइल दिसते, सॉफ्टवेअर म्हणतं नाही.

हॉट क्यू (गाण्यात ठेवलेल्या खुणा) तेवढे शाबूत आहेत. काय करू? सगळं परत ॲनालाइज करायला, म्हणजे ठोके नव्याने मोजायला, लावू का?

संत्रा_बीट (बुधवार, रात्री ११:५८)

हळद तीन दिवसांवर अन् तू अपडेट मारून राहिला? धन्य आहे बाप्पा.

आधी लॅपटॉपचं नेट बंद कर. मग बोलू.

मिक्सिंगवाला_पुणे (गुरुवार, रात्री १२:२०)

परत ॲनालाइज अजिबात करू नका. जे उरलंय तेही जाईल.

सॉफ्टवेअर बंद करा आणि त्याचं सेटिंग-लायब्ररीचं फोल्डर जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर उचलून ठेवा. गाण्यांचं फोल्डर नव्हे. बीपीएम, ग्रिड, क्यू, प्लेलिस्ट हे सगळं एका छोट्या डेटाबेस फाइलमध्ये असतं. नवीन व्हर्जन पहिल्यांदा उघडलं की ते या फाइलची आतली मांडणी बदलतं. त्यामुळे नुसतं जुनं व्हर्जन परत टाकलं की ते म्हणतं, ही फाइल मला वाचता येत नाही. अर्ध्याअधिक लोक इथेच घाबरतात आणि सगळं पुसून बसतात. जुनं व्हर्जन हवं असेल तर जुनी डेटाबेसही हवी. बरीच सॉफ्टवेअर मांडणी बदलण्याआधी एक प्रत बाजूला काढतात. त्याच फोल्डरमध्ये 'बॅकअप' नावाचं काही आहे का आणि त्यावर मंगळवारची किंवा आधीची तारीख आहे का, ते बघा.

कट-कटचं कारण वेगळं आहे. अपडेटनंतर साउंडचं पान उघडून बघा. तुमच्या साउंड कार्डाचा अॅसिओ ड्रायव्हर जाऊन तिथे विंडोजचा साधा ड्रायव्हर बसला असेल, आणि बफर (आधी तयार ठेवलेला आवाजाचा तुकडा) कमी झाला असेल. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला २५६ चा बफर म्हणजे साधारण ५.८ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात लॅपटॉपला पुढचा तुकडा तयार ठेवावा लागतो, नाही जमला की कट. १०२४ केलात तर २३ मिलिसेकंद मिळतात. हात आणि आवाज यात फरक पडेल म्हणून घाबरू नका. स्पीकर आठ मीटरवर असेल तर हवेतून यायलाच आवाज तेवढा वेळ घेतो. स्क्रॅच करत नसाल तर हळदीला १०२४ भरपूर झालं. चार्जर लावलेला ठेवा, वाय-फाय बंद, बॅटरी वाचवायचा मोड बंद.

ठोक्यांचं उद्या लिहितो, ते जरा मोठं आहे.

हळदीचा_डेक (गुरुवार, रात्री १२:४१)

दादा, बॅकअप सापडला!! सोमवारची तारीख आहे. पेन ड्राइव्हवर टाकला, एक प्रत बायकोच्या लॅपटॉपवर पण. साउंडच्या पानावर तुम्ही म्हणालात तेच झालं होतं. आता झोपतो.

करवीर_बेंजो (गुरुवार, सकाळी ८:१५)

दादऱ्याला सिंक लावतायसा व्हय? आमच्या बेंजो पार्टीत सिंकचं बटन म्हंजे ढोलकीवाल्या बापूची मान. ती हलली की समदी हलत्यात.

चेष्टा सोडा. पण एक सांगतो, रेकॉर्डिंगला बसलो की आमी कधी क्लिक (मशीनची टिकटिक) लावत न्हाई. गाणं सुरू हुतं तवा एक चाल असती, शेवटच्या कडव्याला लोक उठल्यात असं वाटलं की आपसूक चढतं. आता त्या मशीनला कुटला आकडा सांगायचा? दोन्ही खरं हायत.

मिक्सिंगवाला_पुणे (गुरुवार, दुपारी १:३०)

बेंजोराव, नेमकं बोललात. डबा खाताना लिहितोय.

९८ आणि १४७ हे आकडे बघा. १४७ म्हणजे ९८ ची दीडपट, बरोबर. ७८ म्हणजे १०४ ची पाऊणपट. याचा अर्थ सॉफ्टवेअर ऐकायला चुकलेलं नाही, मोजायला चुकलंय. दादऱ्याच्या सहा मात्रा असतात: धा धी ना, धा ती ना. आपण नाचताना पाय पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाकतो, म्हणजे आवर्तनात दोन ठोके. सॉफ्टवेअरने त्याच सहा मात्रा दोन-दोनच्या जोडीने मोजल्या: धा-धी, ना-धा, ती-ना. तीन ठोके. दोनाचे तीन झाले की ९८ चे १४७ होणारच. चार-चारच्या गटाने मोजलं की १०४ चे ७८ होतात.

ही सॉफ्टवेअर हाउस आणि टेक्नोवर वाढलेली आहेत. तिथे ठोका चाराचा, एका चालीचा आणि मशीनने वाजवलेला. केरव्याच्या आठ मात्रा त्यात गपगुमान बसतात, म्हणून तुमची ती गाणी वाचली. जुन्या व्हर्जनचा शोधक थोडा ढोबळ होता, तो डाव्या बाजूच्या घुमाऱ्याला धरून चालायचा आणि नशिबाने दोनावर पडायचा. नवा जास्त बारीक आहे, ढोलकीची चाट (कडेची टणक थाप) मोजायला जातो आणि फसतो. हा शेवटचा भाग माझा अंदाज. आत काय बदललंय ते कंपनीलाच ठाऊक.

उपाय: ग्रिडच्या मेनूत 'दोन-तृतीयांश' आणि 'चार-तृतीयांश' अशी बटणं आहेत का बघा. १४७ ला दोन-तृतीयांश केलं की ९८, ७८ ला चार-तृतीयांश केलं की १०४. मग पहिली रेघ समेवर ओढायची. शेवटी त्या गाण्याला कुलूप लावायचं, म्हणजे पुढच्या वेळी ॲनालाइज त्याला हात लावत नाही. कुलूप महत्त्वाचं.

न्यूजर्सीची_ढोलकी (गुरुवार, सायंकाळी ६:०५)

दादा, कुलूप लावूनही एक गोष्ट उरते, ती बेंजोवाल्या काकांनी सांगितलेली. सेटिंगमध्ये 'पूर्ण गाण्याचा वेग एकच धरा' असा टिकमार्क असतो. इकडे मंडळाच्या गणपतीत मी वाजवते तेव्हा इंग्रजी-हिंदी गाण्यांना तो ठेवते आणि जुन्या लोकगीतांना काढते. तो चालू असला आणि वेग अर्ध्या बीपीएमने जरी चुकला, म्हणजे खरा १०० आणि ग्रिड १००.५, तरी तीन मिनिटांत रेघ दीड ठोका पुढे गेलेली असते. सुरुवातीला सगळं छान दिसतं आणि शेवटच्या कडव्यावर दुसरं गाणं मिसळायला गेलं की फजिती. ती फजिती मी तीनशे माणसांसमोर केली आहे, त्यात सासूबाई पहिल्या रांगेत.

नव्या व्हर्जनमध्ये ही टिक आपोआप परत लागते, माझ्याकडे लागली होती. तपासा.

आणि कुणी नवीन स्टेम्स वापरून पाहिले का? आवाज, ड्रम्स, बेस आणि बाकीचं असे चार भाग वेगळे होतात ते. मला भारी उत्सुकता होती.

संत्रा_बीट (गुरुवार, सायंकाळी ६:३२)

पाहिले ना ताई. रिमिक्सवर मस्त चालते. ढोलकीचं गाणं टाकलं तर ढोलकीचे दोन तुकडे करून राहिलं ते. चाट गेली ड्रम्समध्ये, घुमारा गेला बेसमध्ये. मी ड्रम्स बंद केले तर मागं नुसतं घुंव घुंव उरलं, जसा कोणी डेऱ्यात तोंड घालून बोलतो. अन् झांजा गायिकेच्या आवाजाला चिकटून आल्या.

लॅपटॉपचा पंखा असा फिरला का मले वाटलं उडतो आता.

मिक्सिंगवाला_पुणे (गुरुवार, रात्री ९:१०)

डेऱ्याची उपमा चोरणार आहे.

कारण साधं आहे. गाणं फोडायची ही विद्या लोकांच्या हातात आली ती २०१९ मध्ये, डीझरने स्प्लीटर मोफत खुलं केलं तेव्हापासून. या क्षेत्रात सगळे ज्या गाण्यांवर परीक्षा घेतात त्या मुसडीबी१८ संचात १५० गाणी आहेत, बहुतेक पाश्चात्य रॉक-पॉपची. तिथे 'बेस' म्हणजे बेस गिटार. खालच्या सुरात घसरत जाणारा ढोलकीचा डावा हात त्याला बेस गिटारच वाटणार. कार्यक्रमात चालू गाण्यावर हे करू नका. हवंच असेल तर घरी आधी फोडून ठेवा आणि कानांनी ऐकून मगच घ्या.

सा_कुठंय (गुरुवार, रात्री १०:०२)

मी डीजे नाही, पेटी शिकवतो. मुलगा वाजवतो म्हणून इथे वाचत असतो. नव्या व्हर्जनमध्ये सूर ओळखण्याची 'अचूकता वाढली' असं त्याने दाखवलं म्हणून त्याच्या लॅपटॉपवर बसून दहा-बारा गाणी पेटीवर ताडून पाहिली.

पट्टी बऱ्याच ठिकाणी बरोबर सांगतं. म्हणजे ते '८ बी' म्हणतं ती आपली पेटीवरची पांढरी एक. '३ बी' म्हणजे काळी एक. मुलांनी डीजेंच्या सूर-चक्राचे हे आकडे पाठ केलेत, आकड्याला आकडा जुळला की गाणी जुळतात असा हिशोब. पण भैरवीतलं एक गाणं लावलं. गायिकेचा सा स्वच्छ पांढरी एकचा. सॉफ्टवेअर म्हणतं '४ बी', काळी चार. मी चक्रावलो, मग पेटीवर बोट ठेवलं आणि हसू आलं. पांढरी एकच्या भैरवीचे स्वर, म्हणजे रे ग ध नी कोमल, हे काळी चारच्या बिलावलचेच (सगळे शुद्ध) सात स्वर आहेत. पट्ट्या त्याच, सा वेगळा. त्या यंत्राला मेजर आणि मायनर अशी दोनच घरं ठाऊक, तेव्हा ते बिचारं जवळच्या घरात शिरलं.

स्वर तेच असल्याने मिसळलं तर कानाला लगेच टोचत नाही. पण एक गाणं संपून दुसरं सुरू होताना सा उडी मारतो, आणि गाणारी माणसं असतील तर त्यांचा पहिला शब्द हमखास लटपटतो. मुलाला सांगितलंय, हळदीत बायका सोबत गातात, तेव्हा आकडा बघू नकोस, शेवटची ओळ गुणगुणून सा धर.

न्यूजर्सीची_ढोलकी (गुरुवार, रात्री १०:२०)

गुरुजी, नमस्कार. मुलाला सांगा, मिक्स म्हणून एक मोफत, खुल्या कोडचं सॉफ्टवेअर आहे, नावाच्या शेवटी तीन एक्स. २००१ पासून चालू आहे. त्यात सुरांची नावं आपल्या मनाने लिहिता येतात. मी चोवीस घरांत 'पांढरी १', 'काळी ४' असं भरून ठेवलंय. भैरवी त्यालाही कळत नाही, पण निदान वाचायला बरं वाटतं.

डीटीपीवाला (शुक्रवार, सकाळी ११:४०)

सर्चचं कुणीच बोललं नाही, ते माझं खातं. पंचवीस वर्षं याच दुखण्यावर काढली.

डेकसाहेब, जी गाणी सापडत नाहीत त्यांच्या नावात 'ऱ्या' आहे का? गोऱ्या, वाऱ्या, नवऱ्या? किंवा 'ॲ'?

हळदीचा_डेक (शुक्रवार, सकाळी ११:४४)

अहो तुम्ही काय भविष्य बघता का? गोऱ्या नवरीचं एक, वाऱ्याची दोन!

डीटीपीवाला (शुक्रवार, दुपारी १२:१५)

भविष्य नाही, भूतकाळ. 'ऱ्या' संगणकात किमान तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात नुक्ता असलेला 'ऱ' हे एकच अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र' आणि वेगळा नुक्ता, अशी दोन. तिसऱ्यात, जुन्या कीबोर्डांवर, साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला तिन्ही सारखे. मशीनला तीन वेगळे शब्द. पहिले दोन युनिकोड (संगणकात अक्षरं साठवायची जागतिक पद्धत) समान मानतं, पण सॉफ्टवेअरने तशी तुलना करायचे कष्ट घेतले तरच. तिसरा तर समान धरतच नाही. 'ॲ'ची तीच कथा. एकच अक्षर असलेला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ ला आला. त्याआधीचे लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र द्यायचे. दोन्ही आजही चालू आहेत.

आता सांगा, ही गाणी कुणाच्या मॅकवरून आणलीत का? जुन्या मॅकची डिस्क फाइलचं नाव साठवताना 'ऱ' फोडून र आणि नुक्ता वेगळा ठेवते. तुम्ही फोनवरून टाइप करता तो अखंड 'ऱ'. आधीचं व्हर्जन बहुधा दोन्ही एकसारखे करून शोधायचं, नव्याने ते सोडलं.

तूर्तास सर्चमध्ये 'ऱ्या'च्या आधीपर्यंतच टाइप करा. 'गो' आणि पुढच्या शब्दाची दोन अक्षरं. सापडेल.

एका बाबतीत सुटलात. काहींची गाणी अजून जुन्या फॉन्टच्या काळातली असतात, नाव उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ती कुठल्याच व्हर्जनमध्ये सापडत नाहीत.

हळदीचा_डेक (शुक्रवार, रात्री १०:३०)

मॅक मेव्हण्याचा. गाणी त्याचीच. तुम्हाला दंडवत.

आजचा हिशोब: जुनं व्हर्जन आणि सोमवारची डेटाबेस परत टाकली. ९८ चं ९८ झालं, डोळे भरून आले. आवाजाचं मिक्सिंगवाल्या दादांना फोटो पाठवून विचारलं. नव्या व्हर्जनने सगळी गाणी एका पातळीवर आणायची सोय आपोआप चालू केली होती, लक्ष्य उणे १४ (आवाजाच्या मोजपट्टीवर; शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं). माझे रिमिक्स उणे ८ च्या आसपास ठासलेले, ते ६ डेसिबलने खाली आले. कॅसेटवाली हळू होती, ती वर ओढली आणि सोबत सुर्र्र पण वर. जुन्यात ही सोय बंदच होती. दादा म्हणतात कल्पना चांगली आहे, हळदीनंतर शांतपणे वापरून बघ. बघतो.

करवीर_बेंजो (शुक्रवार, रात्री १०:४८)

येक बॅटरीचा भोंगा बी ठेवा गाडीत. लॅपटॉप बसला तर निदान हाक तरी मारता येतीया.

हळदीचा_डेक (रविवार, दुपारी ३:१०)

झाली हळद!

संध्याकाळी धवलारीण आजींचे धवले (लग्नाची पारंपरिक गाणी) चालू होते तोवर मला तार-बीर लावायला वेळ मिळाला. आठला सुरू केलं. एकदाही कट-कट नाही. दादऱ्याच्या गाण्यांना सिंक बंदच ठेवलं, हेडफोनमध्ये पहिली थाप पकडून हाताने सोडलं. पहिल्या दोन वेळा घसरलो, एकदा तर मेव्हण्याने वळून बघितलं. मग हात बसला. गुरुजींचं ऐकून शेवटची ओळ गुणगुणत होतो, नवरीची मावशी विचारते, 'काय रे, तू पण गाणार का?'

दहाला स्पीकर बंद. पोलीस पाटील बाजूलाच उभे होते, रात्री दहा ते सकाळी सहाचा नियम त्यांना तोंडपाठ. पुढं बायकांनी टाळ्यांवर गाणी धरली. मी वायरी गुंडाळता गुंडाळता फोनवर बोट आपटून एकाचा वेग मोजला, सवयच लागली. सुरुवातीला ९२, शेवटी ११०.

एक राहिलं. आज सकाळी कंपनीला सगळं लिहून पाठवलं, दादऱ्याची दीडपट, 'ऱ्या'चा सर्च, आपोआप लागणारी टिक. तासाभरात उत्तर आलं, चक्क माणसाचं. म्हणतात, ज्यात चूक दिसते असं एक रेकॉर्डिंग पाठवा, पण हक्क तुमच्याकडे असलेलं हवं, बाजारातलं गाणं आम्ही ठेवून घेऊ शकत नाही. आता माझ्याकडे हक्काचं काय आहे? फक्त लॅपटॉप.

मिक्सिंगवाला_पुणे (रविवार, दुपारी ३:४०)

नुसती ढोलकी दादऱ्यात तीन मिनिटं, दुसरी फाइल केरव्यात. तुलनेला. क्लिक न लावता. फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, पण एमपी३ नको, वेव्ह फाइल पाठवा. कुणी वाजवून देईल का?

संत्रा_बीट (रविवार, दुपारी ३:४३)

कोल्हापूर, झोपले का?

करवीर_बेंजो (रविवार, सायंकाळी ५:२०)

जागा हाय. बापूला विचारलं, तो म्हणतोय उद्या सकाळच्याला तालमीत बसू. कंपनीला सांगा, ९८ ला सुरू हुईल आणि १०३ च्या आसपास संपंल. मुद्दाम न्हवं, त्याचं तसंच हुतं. आणि फाइलचं नाव 'ऱ्या' घालूनच ठेवतो.